मागचं स्टूल

रविवार, ४ फेब्रुवारी

भुंगाबाईंना, चष्मेवालीकडून.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच टाकलं असतंस, म्हणून पत्ता दुकानातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. काम अगदी साधं आहे.

घरच्या माळ्यावर तुझा जुना सेलो, व्हायोलिनचा तो थोराड भाऊ, पडून आहे. परवा माळा आवरायला काढला तेव्हा त्याची पेटी उघडली. सेलोच्या पोटाला उभी भेग गेली आहे, तारा तुटून त्यांच्या गुंडाळ्या झाल्या आहेत आणि आत एका उंदराने संसार थाटला आहे. त्याचं काय करायचं ते तू सांग. दुरुस्त करू, कोणाला देऊन टाकू, की आहे तसाच राहू देऊ? मी माझ्या मनाने काही केलं तर उद्या खापर माझ्या डोक्यावर फोडशील. तुझा स्वभाव मी ओळखून आहे.

पेटीच्या कोपऱ्यात राळेचा तुकडा सापडला. गजाच्या केसांना घासून घासून मधे खड्डा पडलेला. तो नाकाशी धरला आणि मी तिथेच शिडीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून बसले, असं आपण म्हणू.

आठवतं का गं? सायकलच्या दुकानावरची मास्तरांची ती खोली, बाहेरून चढणारा लोखंडी जिना, खालून येणारा रबराचा आणि तेलाचा वास. आई मला सेलो शिकायला घेऊन गेली होती. तू नुसती मागे लागून आली होतीस, घरी तुला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. मास्तरांनी आईला विचारलं, "शिकणार कोण?" आई म्हणाली, "ही मोठी." मास्तर म्हणाले, "कान दोघींना आहेत ना? मग दोघीही झोपा." आईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी खरंच आपल्याला लाकडी जमिनीवर आडवं पाडलं, कान फळीला लावायला सांगितला, सेलोचा लोखंडी पाय फळीत रोवला आणि सगळ्यात जाड तार लांबच लांब वाजवली. ती कानांत कमी आणि दातांत जास्त ऐकू आली. मी मनात आकडे मोजत होते, कारण मला वाटलं, नंतर विचारतील. तू डोळे मिटून त्याच सुरात गुणगुणायला लागलीस आणि तार थांबली तरी तुझं चालूच. "हा भुंगा," मास्तर आईला म्हणाले, "आणि ही घड्याळ. दोन्ही पाठवा."

नावं पडली ती कायमची. मला अजून ते घड्याळच म्हणतात.

मी चष्म्याच्या धंद्यात पडले त्यालाही मास्तरच कारणीभूत, हे तुला माहीत आहे. शिकवण्याच्या भरात हातवारे करून चष्मा उडवायचे, कधी त्यावरच बसायचे, आणि तो तुटका सांगाडा रुमालात बांधून मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळायचे. इतक्या वेळा गेले की दुकानदाराने शेवटी मला कामावरच ठेवलं. आज ते दुकान मी चालवते आणि दिवसभर लोकांच्या तोंडाकडे टक लावून बघते. त्याचे लोक मला पैसेही देतात.

सेलोचं काय ते कळव.

ताई

ता. क. मास्तर बरे आहेत. उजव्या हाताला जरा त्रास आहे, पण वय झालं की असं काहीतरी चालायचंच.


रविवार, ११ फेब्रुवारी

भुंग्या,

कार्ड मिळालं. "सेलो उंदराला लखलाभ." इतक्या वर्षांनी बहिणीला लिहिलंस आणि त्यात चौकशी उंदराची! आधी मी खूप हसले, मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मग कार्ड दुकानाच्या आरशात खोचून ठेवलं. गिऱ्हाईकं चष्मा लावून बघताना तेच वाचतात.

आता खरं काय ते सांगते. सेलोचं निमित्त होतं. आणि "जरा त्रास" हे खोटं होतं.

मागच्या वर्षी मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारला आहे, काठी टेकत खोलीभर हिंडतात. जीभ जड झाली आहे, पण शिव्या स्पष्ट येतात. तोंडाची उजवी बाजू मात्र खाली उतरली ती उतरलीच. चष्मा त्या गालावर नीट टेकत नाही, सारखा एका बाजूला कलतो. मीच त्याची काडी वाकवून, उजवीकडे नाकाचा आधार वाढवून बसता केला आहे. आणि उजवा हात पूर्ण गेला. मांडीवर ठेवला की तिथेच राहतो.

डावा हात शाबूत आहे. हेच जास्त वाईट आहे की काय, असं कधी कधी मनात येतं. मी रविवारी जाते तेव्हा मास्तर सेलो गुडघ्यांत धरून बसलेले असतात आणि डाव्या हाताची बोटं तारांवर चालत असतात. सगळं चालू असतं, सूर झुलवणारी बोटांची थरथरसुद्धा, फक्त आवाज नसतो. गज ओढणारं कोणी नाही ना.

एका रविवारी म्हणाले, "घड्याळ, ते मागचं स्टूल घे. माझ्या मागे बस. गज धर."

भुंग्या, मागचं स्टूल म्हणजे ते उंच स्टूल! आपण शिकत असताना ते ज्याच्यावर बसायचे ते. आपली बोटं तारांवर आणि मागून त्यांचा हात आपल्या खांद्याजवळून पुढे येऊन गज ओढणार. त्या स्टुलावर मी आयुष्यात कधी बसले नव्हते. बसले. ती संथ धून त्यांना वाजवायची होती. सगळ्यात सोपी म्हणून सगळ्यांना आधी शिकवायचे आणि सगळ्यात अवघड म्हणून सगळ्यांना शेवटी पुन्हा शिकवायचे, तीच. मी गज ओढला. एकही मात्रा चुकले नाही. संपल्यावर ते म्हणाले, "घड्याळ, वेळ बरोबर सांगितलीस. पण सकाळ आहे की संध्याकाळ ते काही कळलं नाही."

मला राग आला नाही. खरंच आहे ते.

मग त्यांचे जुने विद्यार्थी आले. एक जण आता पोस्टमन आहे, तो आला. शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई आल्या. खालचा सायकलवाला म्हातारासुद्धा हौसेने वर आला आणि गज धरून बसला. मास्तर त्याला म्हणाले, "पंक्चर." तो हसत हसत जिना उतरला, पण खाली जाऊन डोळे पुसत होता.

महिनाअखेरीस मास्तरांची पुतणी येते आहे. त्यांना ती आपल्या गावी घेऊन जाणार. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि सेलो तिथे नेता यायचा नाही, सेलो शाळेला द्यायचं ठरलं आहे. म्हणजे ती धून वाजली तर एवढ्या दिवसांतच वाजेल. नाहीतर राहिलीच.

तुला बोलवा असं ते म्हणालेले नाहीत. म्हणणारही नाहीत. मी म्हणते आहे. ये.

ताई


गुरुवार, १५ फेब्रुवारी

भुंग्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पण तुझीच बहीण आहे, मी लिहीत राहीन.

तू म्हणशील, त्या माणसासाठी मी का यावं? विचार, तुझा हक्क आहे. पण माणूस आठव आधी. मला आज दुकानात सारखा आठवत होता. एका बाईंना दूरचा नंबर लावून देत होते, त्या म्हणाल्या, "अगदी सगळं दिसायला लागलं हो, झाडाचं पान न् पान." आणि मला तशीच लख्ख मास्तरांची ती बादली आठवली. गज दाबायचा नसतो, हाताचं वजन आपोआप उतरू द्यायचं असतं, हे आपल्याला काही केल्या समजेना, तेव्हा त्यांनी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली आपल्या हातात दिली आणि जिन्यावरून खाली-वर करायला लावलं. "दंड घट्ट केलास तर सांडेल, सोडून दिलास तरी सांडेल. मधलं काय ते शोध." सायकलवाल्याच्या दारात तळं साचलं. तो पाना घेऊन वर आला भांडायला, तर मास्तरांनी त्याच्याच हातात बादली दिली! तो खाली गेला आणि बादली न सांडता वर आला. मास्तर टाळ्या वाजवत नाचले होते. शिकवणाऱ्याने असं नाचावं, हे मी परत कुठे बघितलं नाही.

आणि ती अंडी? उकडायला ठेवायचे आणि आपल्याला एक सूर लावायला सांगायचे. एकच सूर, उघड्या तारेवर. "यात एक दार आहे, सापडेपर्यंत ओढत राहा." पाणी आटायचं, अंडी फटाफट फुटायची, खोलीत जळका वास भरायचा, खालून सायकलवाला छताला पाना ठोकायचा, आणि मास्तर म्हणायचे, "पुन्हा." त्यांचं सगळं शिकवणं त्या एका शब्दात होतं. रागावून पुन्हा, समजावून पुन्हा, लाडाने पुन्हा. शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तूही नाही.

जमिनीतली भोकं अजून आहेत. प्रत्येकाच्या सेलोच्या पायाने आपापलं भोक केलं होतं आणि दुसऱ्याच्या भोकात पाय टेकवलेला मास्तरांना चालायचा नाही. माझं खिडकीपाशी, तुझं शेगडीच्या समोर. काम झालं की तुझ्या भोकावर ते मागचं स्टूल ठेवून देतात. नवीन येणाऱ्याला तिथे जागाच मिळू नये, असं. हे मी मुद्दाम बघितलं आहे. तू निघून गेलीस त्या दिवसापासून तसंच आहे.

तो दिवस मी बाकावर बसून पाहिला. कोणी तयार झाला की मास्तर मागच्या स्टुलावरून उठायचे, गज त्याच्या हातात द्यायचे आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. तेच आपलं प्रमाणपत्र. माझ्यासाठी ते दुसऱ्याच वर्षी समोर आले. मी घरी जाऊन उड्या मारल्या, तू माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीस. तुझ्या हाती गज केव्हाच दिला होता, पण स्टुलावरून उठले मात्र कधीच नाहीत. तू सगळ्यांच्या पुढे गेलीस, तुझं ऐकायला लोक जिन्यावर उभे राहायला लागले, तरी मास्तर आपले तुझ्या पाठीमागे. त्या दिवशी तू धून संपवलीस आणि मान न वळवता म्हणालीस, "मास्तर, आता समोर या."

ते म्हणाले, "नाही. पुन्हा."

तू गजाचे केस सैल केलेस, गज खुर्चीवर ठेवलास आणि जिना उतरून गेलीस. घरी आलीस तेव्हा एवढंच बोललीस, "ताई, त्या माणसाला मी अजून बालवाडीतली वाटते." मग दुसरं शहर, दुसरे शिक्षक, मोठा वाद्यवृंद, आणि आम्हा सगळ्यांना कायमची सुट्टी.

तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. पण मास्तर तेव्हा का नाही उठले, हे मला आजवर समजलेलं नाही. उद्या-परवा विचारणार आहे. तोंडावर विचारणार आहे, मग शिव्या खाल्ल्या तरी चालतील.

ताई


सोमवार, १९ फेब्रुवारी

भुंग्या,

विचारलं.

काल दुपारी त्यांचा चष्मा पुसून परत बसवत होते. तोंड माझ्या हातात, म्हणजे पळून जायला जागा नाही. म्हटलं, "मास्तर, भुंग्याच्या समोर का नाही बसलात?"

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "तुझ्या आईची दाढ."

मी म्हटलं, "काय?"

त्यांची जीभ जड आहे, वाक्य हळूहळू येतं, म्हणून मी त्यांचं बोलणं जोडून लिहिते. तुला आठवतं का, तू अगदी लहान असताना खोलीतच एकदा पालकांसाठी छोटा कार्यक्रम केला होता? तू पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलंस तो. आईची त्या दिवशी दाढ ठणकत होती. समोर बसून ती गाल धरून तोंड वाकडं करत होती. तू वाजवता वाजवता तिच्याकडे बघितलंस, तुला वाटलं, आपलं चुकतं आहे. सूर घसरला आणि तू मधेच थांबलीस. मग घरी जाऊन ताप काढलास. आईने कितीदा सांगितलं की अगं, माझी दाढ होती ती! तुला ते कधी पटलं नाही.

मास्तर म्हणाले, "पोरगी तोंडं वाचायची. समोर कोण बसलं आहे ते बघून तिचा सूर बदलायचा. मी खुश दिसलो की गोड वाजवणार, कपाळाला आठी पडली की दबून जाणार. मग तिचं स्वतःचं वाजवणं राहिलं कुठे? म्हणून ठरवलं, तिला माझं तोंड बघायला मिळता कामा नये. मागेच बसून राहिलो. तिच्या पुढे फक्त भिंत. भिंत काही सांगत नाही, मग झक मारून आपल्या कानांना विचारावं लागतं."

मी म्हटलं, "मग तिला तसं सांगायचं नाहीत का?"

"सांगितलं असतं तर तिने मागे वळून बघितलं असतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणखी एक वर्ष. नंतर उठणार होतो. तिने थांबायला हवं होतं." आणि मग, जरा वेळाने, "मी उठायला हवं होतं."

त्यांचं तोंड हातात धरून मी तशीच उभी.

मग मला माझं आठवलं. म्हटलं, "आणि माझ्या समोर दुसऱ्याच वर्षी आलात ते?" ते एका बाजूने हसले. म्हणाले, "घड्याळ, तू माझ्या तोंडाकडे कधी बघितलंस का? तू कागदाकडे बघायचीस. तुझ्यासमोर बैल बसवला असता तरी तुझी मात्रा चुकली नसती."

घ्या! इतकी वर्षं मी ज्याला बढती समजत होते ती ही. घरी येताना रस्त्यात एकटीच हसत होते, आणि थोडं लागलंही. थोडं नाही, बरंच लागलं. पण तो माझा माझा प्रश्न आहे, त्याला मी संध्याकाळी चहा पाजून झोपवला.

आता मला काय दिसायचं ते सांगते, कारण तुला ते दिसण्याची सोयच नव्हती. मी पुढे कोपऱ्यातल्या बाकावर, तुझ्या नजरेच्या बाहेर, माझी पाळी येण्याची वाट बघत बसायचे, म्हणून तू आणि तुझ्या खांद्यावरून मास्तर, असे दोघेही मला दिसायचे. लहानपणी वाटतं, आपल्याला दिसतं ते सगळ्यांनाच दिसतं. इतरांच्या वेळी मास्तरांचा चष्मा नाकावरून खाली घसरायचा, कारण ते वाजवणाऱ्याच्या बोटांकडे बघत असायचे. तू वाजवायला लागलीस की तो वर जायचा. गाल वर यायचे आणि चष्मा वर ढकलायचे, थेट भुवयांपर्यंत. तोंड थोडं उघडं, खालचा ओठ आत ओढलेला. मी तुझ्या वाजवण्याकडे कमी आणि त्या चष्म्याकडे जास्त बघायचे. पडतो का, याची वाट बघत. आणि तू थांबलीस की गाल खाली, चष्मा जागेवर, आणि मोठ्या रुक्ष आवाजात, "पुन्हा."

हे तुझ्या पाठीमागे होत होतं, भुंग्या. रोज.

पुतणी एकोणतीसला येते आहे. मी यापुढे आग्रह करणार नाही.

ताई


शनिवार, २४ फेब्रुवारी

भुंग्या,

आज पोस्टमन, म्हणजे तोच आपला, तुझं पार्सल घेऊन दुकानात आला आणि उघडेपर्यंत हलायला तयार नाही. आत राळ. नवीन, गोल, कापडात गुंडाळलेली. चिठ्ठी नाही, एक शब्दही नाही. पोस्टमन म्हणाला, "म्हणजे येते आहे की राळच पाठवते आहे?" मी म्हटलं, "तिच्याकडून एवढं आलं हेच खूप आहे, जा आता, टपाल वाट."

संध्याकाळी मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेऊन बघितली, हुंगली, खिडकीच्या उजेडात धरली. कोणाची ते विचारलं नाही. मला म्हणाले, "गज घे. जुनी राळ पुसून काढ, केस स्वच्छ कर आणि ही लाव. हलक्या हाताने, तू काच पुसतेस तसं नको." मग काठी टेकत गेले आणि शेगडीसमोरचं स्टूल एका हाताने ओढून बाजूला केलं. मी मदतीला गेले तर खेकसले.

तुझं भोक उघडं पडलं आहे. फळी त्या जागी पिवळी राहिली आहे, बाकीची जमीन काळी. मी काही विचारलं नाही आणि तुलाही विचारत नाही. गज राळ लावून तयार आहे.

ताई


रविवार, ३ मार्च

भुंग्या,

गाडी सुटताना तू खिडकीतून विचारलंस, "ताई, त्यांचं तोंड कसं होतं गं?" आणि मी नुसती हात हलवत राहिले. तुला वाटलं असेल, ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. पण तिथे बोलायला गेले असते तर फलाटावर तमाशा झाला असता. म्हणून लिहिते. तुला एकटीलाच ते दिसलं नाही, याही वेळी.

आधी बाकीचं सांगून टाकते. मास्तर पुतणीबरोबर गेले. सायकलवाल्याने आणि त्याच्या पोराने त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं आणि सबंध वेळ मास्तर त्या दोघांना हाताचं वजन कसं सोडावं ते शिकवत होते. सेलो शाळेत गेला. स्टूल मात्र मी कोणाला दिलं नाही. ते आता दुकानात आहे, उंच कपाटातले सांगाडे काढायला उपयोगी पडतं. माळ्यावरच्या तुझ्या सेलोतल्या उंदराला नोटीस दिली आहे, भेग बुजवायला एक सुतार बघून ठेवला आहे. नको म्हणू नकोस, म्हटलंस तरी मी ऐकणार नाही.

आता बुधवार.

तू जिना चढून आलीस आणि दारात उभी राहिलीस. आम्ही तिघं होतो, मास्तर, मी आणि सायकलवाला. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. रडारड, भांडण, निदान कशी आहेस, कधी आलीस. मास्तर तुझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर केलास. स्टूल घे." आणि तू कोट न काढता स्टूल घेतलंस. त्यांनी सेलोचा पाय शेगडीसमोरच्या तुझ्याच भोकात टेकवला. दुसऱ्याच्या भोकात पाय टेकवलेला ज्यांना चालायचा नाही, त्यांनी.

मी जाऊन आपल्या बाकावर बसले. सवयीने बसले. बसल्यावर लक्षात आलं की मी कुठे बसले आहे ते.

तू त्यांच्या मागे होतीस, त्यांच्या खांद्यावरून हात पुढे आणून गज तारेवर ठेवत होतीस. तुझ्या समोर त्यांची पांढरी मान आणि पलीकडे भिंत. सुरुवातीला तू घाबरली होतीस. गज थोडा खरवडला. तुझी मान एका बाजूला झुकली, त्यांचं तोंड दिसतं का ते बघायला. मास्तर म्हणाले, "भिंतीकडे बघ." आणि तू मान सरळ केलीस. डोळे मिटलेस आणि गुणगुणायला लागलीस. तुला ते माहीत तरी आहे का? अगदी पहिल्या दिवशी फळीवर कान ठेवून गुणगुणत होतीस तसंच, त्याच सुरात.

मग गज चालला. त्यांची बोटं आणि तुझा हात. कोण कोणाच्या मागून चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, मी आकडे मोजायचे विसरले होते. आयुष्यात पहिल्यांदा. खाली हवा भरायचा पंप चालू होता तो सायकलवाल्याच्या पोराने बंद केला. सायकलवाला दाराला टेकून उभा होता आणि त्याच्या हातातला पाना खाली फळीवर पडला, तरी तुमचं दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

संपलं. मास्तर एवढंच म्हणाले, "पुन्हा." तू हसलीस. कितीतरी वर्षांनी मी तुला तसं हसताना बघितलं. मग तुम्ही पुन्हा वाजवलंत, आणि पुन्हा, आणि बाहेर अंधार पडायला लागला तरी दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही.

आता तू विचारलंस ते. नीट सांगते, माझा धंदाच तोंडं बघण्याचा आहे.

झटका आल्यापासून त्यांच्या तोंडाची उजवी बाजू हलत नव्हती. हसले तरी डावीकडूनच हसायचे. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, आरशासमोर बसून गाल उचलायचा. ते रोज करायचे, मी समोर बसायचे, आणि उजवा गाल तसूभरही उचलला जायचा नाही. त्या गालासाठीच मी तो चष्मा वाकवून, आधार वाढवून बसवला होता.

तुझा गज तारेवर स्थिरावला आणि त्यांचं तोंड थोडं उघडलं. खालचा ओठ आत गेला. डावा गाल वर आला. मग उजवा आला, भुंग्या. हळूच आला आणि डाव्याच्या बरोबरीला येऊन थांबला. मी इतक्या मेहनतीने वाकवलेला तो चष्मा त्या सरळ तोंडावर एकदम वेडावाकडा दिसायला लागला. नीट करायला मी बाकावरून अर्धी उठलेसुद्धा, आणि परत बसले.

आधी तो तिरका होता. मग वर सरकत गेला, थेट भुवयांपर्यंत. दोन्ही गालांनी.

ताई